भाड्यानं राहणं ही आवड की अडचण? मुंबईच्या भाडेकरूंकडून एक धडा

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलीय. पण ती नीट ऐकून बघा. तिच्यात घर बांधल्याचा अभिमान नाही, दमछाक आहे. ज्यांनी ही म्हण घडवली, त्यांना घर म्हणजे काय उस्तवार असते हे चांगलं ठाऊक होतं. आज मात्र पहिली नोकरी लागून वर्ष होत नाही तोच नातेवाईक विचारतात, ‘मग, फ्लॅट कधी घेताय?’ कोणी म्हणालं की ‘मला भाड्यानंच बरं वाटतं’, तर ऐकणारा मनात म्हणतो, ‘परवडत नसेल, दुसरं काय!’

हाच समज संशोधनाच्या आराखड्यांतही शिरतो. ‘भारतीय माणसाला मूलतःच स्वतःच्या घराची ओढ असते’ असं पहिलं वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या आराखड्यात वाचलं असेल. कदाचित लिहिलंही असेल. माझा प्रबंध मुंबईतल्या भाडेकरूंच्या इतिहासावर आहे, आणि गेली काही वर्षं मी याच वाक्याशी झगडतोय. ते का टिकत नाही, आणि त्याच्या जागी कोणता प्रश्न विचारायचा, हे या लेखात सांगतो.

ताटात काय वाढलं होतं?

कोणी काय ‘पसंत’ केलं हे ठरवण्याआधी त्याच्यासमोर पर्याय काय होते ते बघावं लागतं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण अभ्यासात आपण नेमकं हेच विसरतो. ताटात एकच भाजी असेल, तर ती खाणाऱ्याला आवडते असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता १९३० च्या आसपासची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांतून रस्ते काढणं, चाळी बांधणं आणि शहराच्या उत्तरेला नवी वस्ती वसवणं ही ट्रस्टची कामं. दादर, माटुंगा, शीव या भागांच्या आखणीत ट्रस्टच्या योजनांचा मोठा वाटा आहे. ट्रस्ट जमीन सहसा विकत नसे, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देत असे. म्हणजे ज्याला आपण ‘बिल्डिंगचा मालक’ म्हणतो, तो बऱ्याचदा स्वतःच जमिनीचा भाडेकरू होता! हा पहिला धागा लक्षात ठेवा.

या नव्या वस्त्यांत दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. आत स्वयंपाकघर, आतच न्हाणीघर आणि संडास, असे स्वतंत्र ब्लॉक. चाळीच्या सामाईक नळाला आणि संडासाला कंटाळलेल्या पांढरपेशा कुटुंबांना ही मोठी सोय वाटली. निखिल राव यांचं ‘हाउस, बट नो गार्डन’ (२०१३) हे पुस्तक याच बदलाचा इतिहास सांगतं. या विषयावर काम करणाऱ्यानं ते वाचायलाच हवं. त्यातून जी गोष्ट ठसठशीतपणे दिसते ती ही की फ्लॅटमधलं हे नवं मध्यमवर्गीय जगणं मुंबईत रुजलं ते भाड्याच्या जागेत. ‘फ्लॅट’ आणि ‘मालकी’ ही जोडी आपल्याला आज स्वाभाविक वाटते. ती नंतर जुळली.

मग त्या काळातल्या एखाद्या कारकुनाला किंवा शाळामास्तराला स्वतःची जागा घ्यायची असती, तर काय करता आलं असतं? एका मजल्यावरचे दोन खण विकत घेण्याची सोय जवळजवळ नव्हती. प्लॉट घेऊन अख्खी इमारत बांधायची, नाहीतर सहकारी संस्थेत शिरायचं. पहिल्यासाठी भांडवल लागे आणि दुसऱ्यासाठी बहुधा जात किंवा समाज लागे. राहता राहिलं भाडं.

मालकीचा बोजा म्हणजे नेमका काय?

इथे तुम्ही म्हणाल, ‘म्हणजे ती निवड नव्हतीच, नाइलाज होता.’ थांबा. एवढ्यात तिकडे जाऊ नका. ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांच्याही बाजूनं हिशेब करून बघू.

इमारत बांधणाऱ्याच्या मागे काय काय लागत असे? जमिनीचं वार्षिक भुईभाडं. ट्रस्टच्या अटींप्रमाणे बांधकाम. घेतलेल्या कर्जाचं व्याज. महापालिकेचा कर, जो इमारतीतून किती भाडं येऊ शकेल यावरून ठरे. रंगसफेदी, गळणारं छप्पर, तुंबलेली गटारं. ब्लॉक रिकामा राहिला तर बुडालेलं भाडं, आणि तो भरला तरी ते वसूल करण्याची यातायात. त्यासाठी मेहताजी ठेवा, त्याचा पगार द्या. बदलीची नोकरी असणाऱ्या सरकारी नोकराला हे लोढणं कशाला हवं? त्याच्या दृष्टीनं घर बांधणं हे निवृत्तीनंतरचं काम होतं, तेही पुण्यात किंवा गावाकडे. नोकरीच्या काळात बिऱ्हाड करायचं आणि बदली झाली की बिऱ्हाड हलवायचं.

हा ‘बिऱ्हाड’ शब्दही जरा उलटून-पालटून पाहा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. ‘घर’ स्थिर असतं, ‘बिऱ्हाड’ हलतं. पुण्याच्या वाड्यांत भाड्यानं राहणाऱ्यांना ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत. या शब्दात वाडामालकाचा थोडा तोरा असेलही, पण त्यात आजच्यासारखी ‘बिचाऱ्याला अजून घर घेता आलं नाही’ ही कीव नाही. एखाद्या भाषेत भाड्यानं राहण्यासाठी इतका रुळलेला, घरगुती शब्द असणं हा पुरावाच आहे. एकटा पुरेसा नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

गिरणी कामगाराचं गणित आणखी वेगळं. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेल्या माणसाला ‘घर’ होतंच, ते गावाला. मुंबईत होती ती ‘खोली’. ‘घरी जाऊन येतो’ म्हणजे गावी जाऊन येतो. मुंबईच्या खोलीतही तो बहुधा एकटा भाडेकरू नसे. गावच्या मंडळानं घेतलेल्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-पंधरा जण असत आणि जेवण खाणावळीत. गोव्याहून येणाऱ्या खलाशांच्या धोबीतलावकडच्या ‘कूड’ याच धर्तीच्या. या माणसांनी मुंबईत जागा विकत घेतली नाही, म्हणून त्यांना घराची ओढ नव्हती असं म्हणाल का? आणि ती होती म्हणून मुंबईतली खोली त्यांना विकत हवी होती, असं तरी म्हणता येईल का?

पण सगळं आलबेल होतं असं समजू नका. १९२० मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळींत सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. त्यातल्याही पुष्कळ सुरुवातीच्या वर्षांत रिकाम्या राहिल्या. कारण भाडं झेपत नव्हतं आणि जागा सोयीची नव्हती. म्हणजे भाडेकरूही ‘मिळेल ते’ घेत नव्हता. पाय मोडेपर्यंत चालून कामावर जायचं की गिरणीजवळच्या कोंदट खोलीत राहायचं, हे तो तोलून बघत होता. निवड म्हणतात ती अशीच दिसते: अडचणीच्या चौकटीत केलेला हिशेब.

कायद्यानं ताट बदललं

आता खरा वळणबिंदू. पहिल्या महायुद्धात शहरात गर्दी वाढली, बांधकाम महागलं, भाडी चढली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे १९३९ मध्ये आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा कायदे झाले, आणि १९४७ मध्ये आला तो ‘मुंबई भाडे नियंत्रण कायदा’. त्यानं ‘प्रमाण भाडं’ सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं आणि भाडेकरूला काढणं फार अवघड केलं.

त्या वेळचा विचार केला, तर हे समजण्यासारखं आहे. युद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीचे निर्वासित येत होते, जागेची टंचाई. कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. मात्र तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ मिळत पन्नास वर्षं चालला. समजा, १९४० मध्ये एखाद्या जागेचं भाडं तीस रुपये होतं. कर वगैरेंपोटी मिळणारी किरकोळ वाढ सोडली, तर १९९० मध्येही ते जवळपास तिथेच. मालकाला डागडुजी परवडेना, इमारती खचू लागल्या. म्हणून १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि उपकर लावावा लागला. त्या उपकरप्राप्त इमारती तेव्हा एकोणीस हजारांहून अधिक होत्या.

याच काळात ‘पागडी’ फोफावली. जागा सोडणारा भाडेकरू आणि मालक मिळून नव्या माणसाकडून भलीमोठी रक्कम घेत. १९४७ च्या कायद्यानुसार हा गुन्हा, पण व्यवहारात सर्रास. आता सांगा, पागडी देऊन आत आलेला माणूस भाडेकरू की मालक? दरमहा नाममात्र भाडं भरतोय, पावती जपून ठेवतोय, मालकानं भाडं घ्यायचं नाकारलं तर मनीऑर्डर करून पुरावा तयार करतोय. कागदावर भाडेकरू, मनातून आणि खिशातून मालक. जनगणनेत मात्र तो ‘भाड्याचं घर’ या रकान्यात.

दुसरा परिणाम याहून मोठा. एकदा दिलेली जागा परत मिळत नाही म्हटल्यावर नवी जागा भाड्यानं द्यायला कोण धजेल? ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट निघाली, तर १९७३ च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. घरमालकांनी हाय खाल्ली. भाड्याच्या घरांचा झरा आटत गेला. जे आत होते ते जन्मभरासाठी सुरक्षित, जे बाहेर होते त्यांना भाड्याचं बरं घर मिळणंच दुरापास्त.

म्हणजे बघा, ज्या कायद्यानं भाडेकरूला वाचवलं, त्यानंच पुढच्या पिढीला भाडेकरू होऊ दिलं नाही.

मग आला ओनरशिप फ्लॅट

बिल्डरांना इमारत भाड्यानं देण्यात राम उरला नव्हता, तेव्हा ते मजल्यांचे तुकडे विकू लागले. त्यात फसवणूक वाढली, म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा (मोफा) झाला. नोकरदाराला लांब मुदतीचं गृहकर्ज देणारी एचडीएफसी १९७७ मध्ये हसमुखभाई पारेखांनी काढली. पुढे गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत आली. कायदा, कर्ज आणि कर या तिघांनी मिळून ‘स्वतःचा फ्लॅट’ हे मध्यमवर्गाचं स्वप्न बनवलं. स्वप्न खोटं नव्हतं. पण त्याला जन्मतारीख आहे, आणि ती शोधणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम आहे.

आता तो पहिला धागा पुन्हा उचलूया. मुंबईतल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांच्या नोंदणीपत्रावर संस्थेचा वर्ग लिहिलेला असतो: ‘भाडेकरू सहभागीदारी संस्था’. अशा संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेची असते आणि सभासदाला सदनिका वाटून दिलेली असते. या कल्पनेची मुळं १९१५ च्या गावदेवीच्या सारस्वत गृहनिर्माण संस्थेपर्यंत जातात. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. मुळातला विचार असा की भाडेकरूंनीच एकत्र येऊन आपले आपण घरमालक व्हायचं. वीस वर्षांचे हप्ते फेडून ‘मालक’ झालेला माणूस ज्या संस्थेचा सभासद आहे, तिच्या वर्गाच्या नावातच ‘भाडेकरू’ आहे! मालक आणि भाडेकरू ही दोन पक्की खाती नाहीत, त्यांच्यामध्ये बरीच पायरी-पायरीची जागा आहे, हे यापेक्षा चांगलं कुठे दिसेल?

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं १९४० च्या पातळीला गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालंय. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. पण तोवर दोन पिढ्या ‘भाड्यात पैसे वाया जातात’ हे वाक्य ऐकत मोठ्या झाल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातली साधारण २७ टक्के कुटुंबंच भाड्याच्या घरात दिसतात.

आज कोणी भाडं निवडलं तर?

आजचा हिशेब थोडक्यात मांडू. समजा, फ्लॅट एक कोटीचा. मुंबईत त्याचं वार्षिक भाडं किमतीच्या साधारण दोन ते तीन टक्के, म्हणजे महिन्याला वीस-पंचवीस हजार. तोच फ्लॅट ऐंशी लाखांचं कर्ज काढून साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतला, तर हप्ता एकोणसत्तर हजारांच्या वर. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच पावणेसात लाखांच्या घरात. वर मुद्रांक शुल्क, मेंटेनन्स, सिंकिंग फंड, वरच्या मजल्यावरून गळती झाली तर शेजाऱ्याशी वाद, आणि तीस वर्षांनी पुनर्विकासाच्या मीटिंगा. यावरून एखाद्यानं ‘मला भाडंच बरं’ म्हटलं, तर तो १९३० च्या बिऱ्हाडकरूसारखाच शहाणा हिशेब करतोय.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहा. आजचा भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. मुलाची शाळा मध्येच बदलावी लागेल का, ही धास्ती त्याला असते. आडनाव, धर्म, काय खाता, लग्न झालंय का, यावरून दारातूनच परत पाठवलं जातं. अशा वेळी एखादी एकटी राहणारी बाई किंवा मुसलमान कुटुंब कर्ज काढून का होईना घर घेतं, तेव्हा ती ‘मालकीची सांस्कृतिक ओढ’ असते का? बऱ्याचदा ती घरमालकाच्या तोंडाला पुन्हा लागायला नको म्हणून मोजलेली किंमत असते. आणि भाड्याला पसंती देणं ज्याला परवडतं, त्याचं आडनाव काय हेही तपासावं लागतं. भाड्यातला मोकळेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. १९३० मध्येही येत नव्हता, समाजांच्या वसाहती त्याची साक्ष देतात.

तुमच्या आराखड्यासाठी

आता कामाचं बोलू. या विषयावर, किंवा ‘लोकांची पसंती’ हा शब्द असलेल्या कुठल्याही विषयावर तुम्ही लिहिणार असाल, तर साधनं अशी वाचा.

जनगणनेचे आकडे घ्या, पण त्यांतून वर्तन कळतं, मन कळत नाही, हे लक्षात ठेवा. शिवाय रकान्याच्या आत कोण कोण कोंबलंय ते बघा. पागडीवाला आणि अकरा महिनेवाला एकाच रकान्यात असतात.

लघुवाद न्यायालयातले भाड्याचे खटले म्हणजे खजिना आहे. मात्र तिथे भांडणारेच भेटतात. पन्नास वर्षं गुण्यागोविंदानं राहिलेला भाडेकरू न्यायालयाच्या कागदात सापडत नाही. त्याच्यासाठी आठवणी, पत्रव्यवहार, जुन्या भाडेपावत्या आणि मुलाखती लागतात.

वर्तमानपत्रातल्या जागेच्या छोट्या जाहिराती दहा-दहा वर्षांच्या अंतरानं वाचा. ‘भाड्याने देणे आहे’ कधी कमी होतं आणि ‘ओनरशिप’ कधी वाढतं, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. जुने अंक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहता येतील. ट्रस्ट आणि डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा.

आणि शेवटी एक छोटा स्वाध्याय. आपल्याच घरातल्या तीन पिढ्या घ्या. आजोबा कुठे राहिले, आई-वडील कुठे, तुम्ही कुठे. प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहा: त्या वेळी विकत मिळण्याजोगी जागा कोणत्या स्वरूपात होती, कर्ज कोण देत होतं, भाडेकरूला कायदा किती संरक्षण देत होता, आणि कुठल्या दारातून त्यांना परत पाठवलं गेलं असतं. या चार उत्तरांशेजारी ‘त्यांना काय आवडत होतं’ हा पाचवा रकाना ठेवा आणि तो सर्वांत शेवटी भरा. तो पहिल्यांदा भरायचा मोह होईल. आवरा. बहुतेक आराखडे तिथेच फसतात.